अंगणवाडीतील ताट आणि आईची तक्रार

शरीराच्या तीन उपस्तंभांत आहाराचे नाव प्रथम घेतले जाते, हे आपण सर्वांनी विद्यार्थीदशेतच पाठ केलेले आहे. परंतु कृश बालक समोर आले, की आपली लेखणी आहाराकडून औषधाकडे फार लवकर वळते. हा दोष आम्ही प्रथम स्वतःच्याच पदरी घेतो. कारण प्रस्तुत लेखाचा विषय आम्हांस अशाच एका चुकीतून सुचला.

दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यातील एका खेड्याहून एक माता आपल्या अडीच वर्षांच्या मुलास घेऊन आमच्याकडे आली. मूल कृश, चिडचिडे, गाल ओसरलेले. "भुकेचं औषध द्या," एवढीच तिची मागणी होती. आम्ही दीपन-पाचनाची चिठ्ठी लिहिली आणि सहज विचारले, की अंगणवाडीचा आहार मिळतो ना? त्यावर ती उत्तरली, "पाकीट त भेटते साहेब, पण पोरगं तोंडात घेत नाई. वास येते त्याले. मंग बकरीले टाकतो." सोबतची आजी म्हणाली, "अन् मोठी पोरगी तेथं खिचडी खाते, त्यातली दाय शिजतच नाई. पानीच खारं हाय." अधिक विचारता कळले, की हेच मूल घरी वरणात कुस्करलेली भाकर आवडीने खाते. म्हणजे अग्नी मंद नव्हता. बिघाड ताटात होता आणि औषध मात्र आम्ही बालकाला देत होतो.

अशा तक्रारी अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील व्यावसायिकांच्या कानी नित्य पडत असतील. त्यांकडे पालकांची कुरकुर म्हणून न पाहता निदानाचे साधन म्हणून पाहावे, एवढेच आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

योजना आणि तिचे माप

एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत झाला. त्या पहिल्या प्रकल्पांत आपल्या मेळघाटातील धारणीचा समावेश होता, ही वऱ्हाडाच्या दृष्टीने स्मरणात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पुढे १९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंनी अवघ्या राज्याचे लक्ष वेधले, तेव्हा केंद्र उघडणे आणि बालकाच्या पोटात अन्न जाणे यांतील अंतर सर्वांच्या लक्षात आले.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या आहारास हक्काचे रूप दिले. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकास घरी नेण्याचा आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या बालकास केंद्रातच सकाळचा खाऊ व गरम ताजे जेवण, अशी ही व्यवस्था आहे. मूळ परिशिष्टात दोन्ही वयोगटांसाठी ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित बालकासाठी ८०० कॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने असे माप दिले होते. २०२३ मध्ये परिशिष्टात सुधारणा होऊन सूक्ष्म पोषकांचाही विचार झाला. आहार कोणी पुरवावा, यावरही न्यायालयात बराच खल झाला. अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नेमू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दिला; आणि लहान महिला बचत गटांना बाहेर ठेवणारी महाराष्ट्रातील निविदा त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली.

एवढे सारे होऊनही आईची तक्रार उरतेच. ती का उरते, याचे उत्तर चरकाचार्यांच्या विमानस्थानात सापडते.

आठ आयतनांची कसोटी

प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी शासकीय माप मुख्यत्वे एका राशीचे आहे. पालकांची तक्रार बहुधा उरलेल्या सातांची असते.

राशीचेच पाहा. राशीचे सर्वग्रह व परिग्रह असे दोन भेद आपण जाणतो. एकूण ताटाचे माप म्हणजे सर्वग्रह. ताटातील प्रत्येक द्रव्याचे स्वतंत्र माप म्हणजे परिग्रह. खिचडीत तांदूळ भरपूर आणि डाळ नावापुरती असेल, तर वाटी भरते, पण प्रथिने भरत नाहीत. "नुसता भात देतात," ही आईची तक्रार म्हणजे परिग्रहाची तक्रार होय.

करण म्हणजे संस्कार. खारपाणपट्ट्यातील क्षारयुक्त, जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, दर्यापूर भागांतील प्रत्येक गृहिणी जाणते. मग डाळ मऊ व्हावी म्हणून सोडा टाकला जातो, त्याने डाळीतील ब १ जीवनसत्त्व नष्ट होते. अर्धकच्च्या डाळीने आध्मान व अतिसार होतो आणि ते बालक 'खिचडी पचत नाही' म्हणून आपल्या दारी येते. वान व शहानूर धरणांवरील पाणीपुरवठा योजनांचे गोडे पाणी जेथे पोचते, तेथे निदान डाळ शिजविण्यापुरते ते राखून ठेवणे, हाच या व्याधीवरील खरा उपचार आहे.

काल हे आयतन आपल्या भागात विशेष महत्त्वाचे. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. दळलेल्या धान्याच्या पाकिटातील स्निग्धांश अशा उष्णतेत, पत्र्याच्या खोलीत पडून राहिल्यास खवट होतो. लहान मुलाचे नाक ते आपल्याआधी ओळखते. आमच्याकडील मातेने सांगितलेला 'वास' बहुधा हाच असावा. कालाचा आणखी एक अर्थ ध्यानी घ्यावा. निंदणी व कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच शेतात जाते. तर मेळघाटातील कित्येक कोरकू कुटुंबे पावसाळा सरल्यावर मजुरीसाठी गाव सोडतात. त्या काळात बालकाचे नाव गावातील नोंदवहीत असते आणि बालक मात्र अन्यत्र असते.

देश व उपयोक्ता यांचा विचार सात्म्याने करावा. ज्या घरी ज्वारीची भाकर, कण्या, तुरीचे वरण, बरबटी हे नित्याचे अन्न. किंवा चिखलदरा-धारणीकडे कुटकी, सावा, मका. तेथील बालकास गोड पिठाचे एकच एक मिश्रण महिनोन्‌महिने रुचत नाही, यात नवल नाही. शिवाय बालकाचे आमाशय लहान. पातळ खिचडीने ते भरते, पण तृप्ती होत नाही. त्याच खिचडीत चमचाभर तेल वा तूप आणि दाण्याचे कूट घातल्यास तेवढ्याच घासांत अधिक बल मिळते. आदिवासी भागात २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतून पुढे बालकांना अंडी वा केळी देण्याची तरतूद झाली. अंडे किंवा केळे हातात आले, की त्यात पाणी घालून वाढविता येत नाही. पालकांचा त्यावर विश्वास बसतो तो यामुळेच.

प्रकृती म्हणजे मूळ द्रव्य. जाळी धरलेली डाळ, काळवंडलेले कडवट शेंगदाणे यांविषयी तडजोड नसावी. बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने वा उकळल्याने पुरते जात नाही. संयोगात धान्य, डाळ व स्नेह यांची जोड पाहावी. उपयोगसंस्थेत अन्न उष्ण आहे का, हात धुतले का, मूल शांत बसून जेवते का, हे पाहावे.

कापूसपट्ट्यासाठी एक इशारा

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथील शाळेत माध्यान्ह भोजनातून २३ बालके दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. जेवणाची चव बिघडल्याची तक्रार मुलांनी तेव्हाही केली होती; ती ऐकली गेली नाही. आपला प्रदेश कापसाचा आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले. आपल्या भागात फवारणीची औषधे घरोघरी असतात आणि त्यांचे रिकामे डबेही वापरात येतात. म्हणून अन्नाजवळ असा डबा असू नये आणि मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने घास चाखावा, हे दोन नियम प्रत्येक केंद्रात पाळले जावेत.

चिकित्सकांनी काय करावे

प्रथम, प्रत्येक कृश बालकाच्या पत्रकावर अंगणवाडीच्या आहाराची नोंद करावी: मिळतो का, खातो का, न खाल्ल्यास का. दुसरे, दंडाचा घेर मोजण्याची पट्टी मेजावर ठेवावी. सहा महिने ते पाच वर्षे वयात घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास, दोन्ही पायांवर सूज असल्यास अथवा बालक अन्न पूर्णपणे नाकारीत असल्यास चूर्ण-आसवांवर वेळ न दवडता त्यास पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावे. फक्करोगाचे ज्ञान आपणांस आहे म्हणून प्रत्येक फक्क आपल्याच चिकित्सालयात राहिला पाहिजे, असे नाही.

तिसरे, स्तन्य सोडणाऱ्या बालकासाठी वाग्भटांनी सांगितलेला चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा मोदक मातांना अवश्य शिकवावा. मात्र एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो, हे आजचे ज्ञान त्यास जोडावे. चौथे, तक्रार योग्य दारी पोचवावी. पाकिटावरील तारीख व गट क्रमांक टिपून प्रथम सेविका, मग पर्यवेक्षिका, नंतर बालविकास प्रकल्प अधिकारी असा क्रम ठेवावा. अन्न दूषित असल्याची शंका असल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. गावातील आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीस आपणांपैकी एकाने बसावे. सेविकेवर आगपाखड मात्र करू नये. तुटपुंज्या मानधनात, नोंदवह्यांचे ओझे वाहून, खाऱ्या पाण्यात डाळ शिजविणारी तीच असते.

औषधी विक्रेत्यांस विनंती

'वजन वाढविण्याचे टॉनिक' मागणारी माता दुकानात आली, की बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: मूल दिवसातून किती वेळा खाते? अंगणवाडीत काय मिळते? जंताचे औषध केव्हा दिले होते? बालचातुर्भद्र वा अरविंदासव यांचे स्थान आम्ही नाकारीत नाही; ते वैद्याच्या सल्ल्याने आहे तेथे राहो. पण त्या बाटलीच्या किमतीत घरात डाळ, दाणे व गूळ येत असेल, तर तसे सांगण्याने आपली एक विक्री कमी होईल, विश्वास मात्र कायमचा मिळेल. आहारासारखे दुसरे औषध नाही, असे काश्यपांनीच सांगितले आहे.

त्या मातेची चिठ्ठी आम्ही बदलली. भाकर-वरण, दाण्याचे कूट, चमचाभर तेल, दिवसातून पाच वेळा थोडे थोडे, एवढेच लिहिले. पुढील भेटीत मुलाच्या गालांवर थोडी भर दिसली. पण आम्हांस अधिक समाधान आजीच्या बोलण्याने झाले. तिने गावातील बैठकीत पाण्याचा विषय काढला होता आणि आता अंगणवाडीच्या खिचडीसाठी नळाचे गोडे पाणी दोन गुंड भरून वेगळे ठेवले जाते. "आता दाय शिजते," ती म्हणाली.

आपापल्या गावातील अशा नोंदी सभासदांनी संघटनेकडे पाठवाव्यात, ही विनंती. दोन्ही जिल्ह्यांच्या नोंदी एकत्र आल्या, तर शासनापुढे मांडण्यास आपल्याकडे केवळ मत नव्हे, प्रत्यक्ष असेल.