दोष फाईलचा नव्हेच

मोझिलाचा थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम आणि फायरफॉक्स हा ब्राउझर सख्खे भाऊ. दोघांच्याही ॲड-ऑनच्या फाईलींचं आडनाव एकच, एक्सपीआय. घोटाळा होतो तो तिथेच. थंडरबर्डचं ॲड-ऑन घ्यायला फायरफॉक्समध्ये क्लिक केलं, की ब्राउझर ते स्वतःतच बसवू पाहतो आणि जमलं नाही की 'फाईल खराब' किंवा 'विसंगत' असं खुशाल सांगतो. माणूस बिचारा तीच फाईल परत परत उतरवत बसतो. खरं तर लिंकवर राइट क्लिक करून फाईल सेव्ह करायची आणि थंडरबर्डच्या 'ॲड-ऑन्स मॅनेजर'मधल्या दातेरी चाकातून बसवायची, एवढंच काम.

शंका असेल तर ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा. एक्सपीआय ही मुळात झिप फाईल. सुरुवातीला 'पीके' ही रोमन अक्षरं दिसायला हवीत. झिपचा जनक फिल कॅट्झ, त्याची ही आद्याक्षरं. त्याऐवजी एचटीएमएल दिसलं, तर तुम्ही ॲड-ऑन नव्हे, वेबपानच उतरवलंय.

विंडोज, मॅक, लिनक्स हा भेद पूर्वी फार छळायचा. 'लायटनिंग' हे थंडरबर्डचं कॅलेंडर ॲड-ऑन घ्या. त्याचा काही भाग सी++मध्ये लिहून थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवलेला होता, म्हणून प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी फाईल लागे. 64 बिट लिनक्सवर 32 बिटची फाईल चालत नसे. 2015 साली थंडरबर्डच्या 38व्या आवृत्तीपासून लायटनिंग त्याच्यासोबतच येऊ लागलं आणि ही कटकट संपली.

आताची बहुतेक ॲड-ऑन जावास्क्रिप्टमध्ये असतात, त्यांना सिस्टिमशी देणंघेणं नसतं. अडतं ते आवृत्तीपाशी. 2020च्या 78व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची ॲड-ऑन बंदच केली. ईमेल एन्क्रिप्ट करणारं एनिग्मेलही त्यात गेलं. एन्क्रिप्शनची सोय मात्र थंडरबर्डमध्येच आली. त्यामुळे जुनं ॲड-ऑन बसत नसेल, तर त्याच्या आवृत्तीची अट आधी पाहावी.

उबंटू 24.04 या लिनक्समध्ये नवीच गंमत आहे. तिथे थंडरबर्ड 'स्नॅप' या पॅकेजच्या स्वरूपात येतो आणि त्याचं प्रोफाइल, म्हणजे ॲड-ऑन आणि सेटिंग्ज जिथे राहतात ते फोल्डर, घरच्या फोल्डरातल्या 'स्नॅप'मध्ये असतं. जुन्या सूचना वाचून लपलेल्या '.थंडरबर्ड' फोल्डरात कितीही खटपट केली, तरी प्रोग्रामला त्याचा पत्ताच नसतो. 'हेल्प'मधलं 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं, की खरं फोल्डर कुठलं ते तिथेच कळतं.