हौदाची नाडीपरीक्षा

माळव्यातील रात्रींच्या गारव्याची कीर्ती जुनी असली, तरी इंदूरची मे महिन्यातील दुपार कोणाचीही गय करीत नाही. निवृत्तीनंतर घरामागे बांधलेला पोहण्याचा हौद त्या दिवसांत आमच्या घराचे केंद्रच होऊन बसतो. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे सुमारे ४०,००० लिटर पाणी.

काही वर्षांपूर्वी सुट्टीत नातवंडे आली आणि सकाळ-संध्याकाळ डुंबणे सुरू झाले. आठवडाभरात मुलांचे डोळे लाल होऊ लागले, पाण्याला उग्र वास येऊ लागला. क्लोरीन फार झाले, असे निदान मी व्हरांड्यातूनच केले व देखभाल करणाऱ्या मुलाला औषध बंद ठेवण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी भिंती बुळबुळीत झाल्या, पाण्यावर हिरवट झाक आली आणि धाकट्या नातीचा कान ठणकू लागला. पोहणाऱ्यांना होणारा हा बाह्यकर्णाचा दाह आपल्यापैकी प्रत्येकाने अनेकदा पाहिला असेल. तिच्या कानात थेंब टाकत असताना पत्नी शांतपणे म्हणाली, "अहो, तपासल्याशिवाय तुम्ही कधी कोणाला औषध दिले नाहीत. मग पाण्याचे औषध न तपासता कसे बंद केलेत?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच संध्याकाळी तपासणीचा संच आणला. मुक्त क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम, एकूण क्लोरीन १.४ आणि सामू, म्हणजेच पीएच, ८. माझे निदान नेमके उलटे ठरले.

हौदाचा उग्र वास हा शुद्ध क्लोरीनचा नसतो. घाम व मूत्र यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने तयार होतात. वास त्यांचा आणि डोळ्यांची चुरचुरही बहुतांशी त्यांचीच. एकूण क्लोरीनमधून मुक्त क्लोरीन वजा केले की हे बद्ध क्लोरीन कळते. ते ०.४ च्या आत असावे, आमच्याकडे १.२ होते. अर्थात पाण्याला क्लोरीन जास्त नव्हे, फार कमी पडत होते.

सामूचे गणित तर आपल्याला परिचित आहे. जंतू मारण्याचे खरे काम हायपोक्लोरस आम्ल करते. सामू ८ असताना मुक्त क्लोरीनपैकी जेमतेम पाव हिस्सा या रूपात असतो, ७.४ ला निम्म्याहून अधिक. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो, हौदासाठी ७.२ ते ७.८ ही मर्यादा चालते.

मग रीतसर उपचार केले. प्रथम आम्लाने सामू ७.४ वर आणला. बद्ध क्लोरीन मोडण्यास त्याच्या दसपट मात्रा लागते. त्या हिशेबाने ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे पाऊण किलो सूर्यास्तानंतर टाकले. कारण कडक उन्हात मुक्त क्लोरीन काही तासांतच बहुतांशी नष्ट होते. भिंती घासल्या, गाळणी रात्रभर चालवली आणि वाळू उलट्या प्रवाहाने धुतली. शेवाळामुळे दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मात्रा द्यावी लागली. मुक्त क्लोरीन ३ वर स्थिरावून तळाची जाळी स्वच्छ दिसेपर्यंत कोणालाही उतरू दिले नाही.

तेव्हापासून रुग्णपत्रिकेप्रमाणे एक वही ठेवली आहे. उन्हाळ्यात रोज दोनदा मुक्त क्लोरीन व सामू, आठवड्यातून एकदा क्षारता पाहतो. क्षारता ८० ते १२० असावी. कमी पडल्यास साधा खाण्याचा सोडा पुरतो. सायन्युरिक आम्ल ३० ते ५० असल्यास क्लोरीनचे उन्हापासून रक्षण होते. मात्र स्थिरीकृत क्लोरीनच्या गोळ्यांनी ते साचत जाते व क्लोरीन मंदावते. मग थोडे पाणी बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने अंघोळ करावी. आम्ल व क्लोरीन दूर-दूर ठेवावे, कधीही एकत्र करू नये. विषारी वायू निघतो. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. जुलाब झालेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये. क्रिप्टोस्पोरिडियमचे जंतू नेहमीच्या क्लोरीनमध्येही दहा दिवसांहून अधिक तग धरतात. हा संसर्ग झालेला असल्यास जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे वाट पाहावी. आणि कोणतेही रसायन बुडण्यापासून वाचवीत नाही. म्हणून कुंपणाला कुलूप हवेच.

नातीचा कान आठवड्यात बरा झाला. आता ती मोठी झाली आहे. सुट्टीत आली की उडी मारण्यापूर्वी स्वतःच नळीतला रंग पाहते आणि ओरडते, "आजोबा, सात पूर्णांक चार!" मी वहीत नोंद करतो आणि मगच परवानगी देतो. चाळीस वर्षे रुग्ण तपासूनही जे व्हरांड्यात बसल्या-बसल्या विसरलो होतो, ते हौदाने पुन्हा शिकविले.