राष्ट्रपतीची निवड आणि मावळचा मतदार

अमेरिकेत नोव्हेंबरातील एकाच मंगळवारी अध्यक्ष, प्रतिनिधिगृहाचे 435 सभासद आणि सेनेटचे सुमारे एक-तृतीयांश सभासद यांच्यासाठी मतदान होते, हे वाचून किंवा तिकडे स्थायिक झालेल्या आप्तांकडून ऐकून, आपल्याकडेही लोकसभा आणि राष्ट्रपती यांच्या निवडणुका एकमेकींना बांधलेल्या असाव्यात, असा समज लोणावळा-वडगावकडील सुशिक्षितांतही आढळतो. 1952, 1957, 1962 आणि 1967 साली सार्वत्रिक निवडणुकीपाठोपाठ मे महिन्यात राष्ट्रपतीची निवडणूक झाली खरी. परंतु ही सांगड कायद्याने घातलेली नव्हती, आणि 3 मे 1969 रोजी डॉ. झाकिर हुसेन पदावर असतानाच निवर्तले तेव्हा ती सुटली.

म्हणून मावळच्या मतदाराचा या निवडीशी संबंधच नाही असे म्हणावे, तर तेही खरे नव्हे. संविधानाच्या 54 व्या अनुच्छेदान्वये संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सभासद राष्ट्रपती निवडतात. नामनियुक्तांना आणि विधानपरिषदेच्या आमदारांना तो अधिकार नाही. मावळचा आमदार विधानभवनात गुलाबी मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहितो, तेव्हा त्याच्या एका मताचे मूल्य 175 धरले जाते. 1971 च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या 5 कोटी 4 लक्ष लोकसंख्येस 288 जागांनी आणि पुन्हा 1000 ने भागून हा आकडा येतो. 2011 साली ही लोकसंख्या 11 कोटींवर गेली, तरी आकडा तोच राहिला, कारण ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन घटू नये, असे संसदेने ठरविले. आणि हे धोरण मला न्याय्य वाटते.

मावळच्या खासदाराचे मत हिरव्या पत्रिकेवर पडते. हा लोकसभा मतदारसंघ म्हणजे केवळ मावळ तालुका, हाही एक भ्रम; 2009 पासून घाटाखालचे पनवेल, कर्जत, उरण आणि घाटावरचे मावळ, चिंचवड, पिंपरी मिळून तो झाला आहे. खासदाराच्या मताचे मूल्य 2017 साली 708 होते; जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्याने 2022 साली ते 700 झाले.

या मतदानास पक्षादेश लागू होत नाही, हे अनेकांस ठाऊक नसते. 2007 साली विरोधी आघाडीतील शिवसेनेने प्रतिभाताई पाटील यांना मते दिली, त्याबद्दल कोणाची आमदारकी वा खासदारकी गेली नाही.

प्रमुख आणि सभागृह एकाच दिवशी थेट निवडण्याचा अनुभव लोणावळेकरांस मिळतो तो नगरपरिषदेत: 2016 साली त्यांनी एक मत नगराध्यक्षासाठी आणि प्रभागातील प्रत्येक जागेसाठी एकेक मत नगरसेवकांना दिले, त्यामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्याचे, असे घडणेही अशा पद्धतीत शक्य असते.