ठराव झाला, पुढे काय?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी अनेक ठिकाणी तीन-चार वर्षे प्रशासकाचे राज्य होते. सभागृह रिकामे आणि निर्णयावर एकट्या साहेबाची सही! आता सभा पुन्हा भरू लागल्या आहेत. राखीव जागांवर आपली माणसेही निवडून गेली आहेत. गुलाल झाला, हारतुरे झाले. पण त्या सभेत काय चालते, हे आपल्या वस्तीतील किती जणांना ठाऊक आहे?

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो, चवदार तळ्याला अभिवादन करतो. मात्र त्या लढ्याच्या मुळाशी नगरपालिकेचे दोन ठराव होते, त्यांची चर्चा आपल्या व्यासपीठांवर फारशी होत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याला धरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. खुले केले ते कागदावर! तीन वर्षे गुरेढोरे त्या तळ्याचे पाणी पीत राहिली आणि आमचा माणूस काठापर्यंतही जाऊ शकला नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून चाललेल्या हजारोंनी तो ठराव अमलात आणला.

त्याची किंमत डोकी फुटून मोजावी लागली. शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. आणि नगरपालिका? तिने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपलाच ठराव रद्द केला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती! सुरबानाना टिपणीस यांनी नगराध्यक्ष म्हणून चळवळीला साथ दिली होती. पण एक चांगला अध्यक्ष सभागृहाचे बहुमत कुठवर अडवणार? पुढे तळे खाजगी आहे असा दावा सवर्णांनी लावला, डिसेंबरात मनाई हुकूम आणला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. नगरपालिकेने हात वर करताच एका तळ्यासाठी दहा वर्षे गेली.

आज ठराव उघडपणे रद्द करण्याची गरजच उरलेली नाही. वस्तीतील गटार, समाजमंदिराचे गळके पत्रे, स्मशानभूमीचा रस्ता, ठेकेदाराने थकवलेला सफाई कामगारांचा पगार हे विषय पत्रिकेच्या तळाशी येतात आणि ‘पुढील सभेत घेऊ’ म्हणून तहकूब होतात. ‘ऐनवेळचे विषय’ मात्र पाच मिनिटांत सर्वानुमते मंजूर! त्या ‘सर्वानुमते’मध्ये आपल्या नगरसेवकाचा हातही वर असतो, हे आम्हाला अधिक बोचते. मैला साफ करायला माणूस उतरवू नये, असा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यासाठी लागणाऱ्या यंत्राचा विषय आपल्या गावच्या सभेत कोणी मांडला का? कंत्राटावर राबणाऱ्यांना लाड-पागे समितीच्या शिफारशींचा लाभ का मिळत नाही, हे कोणी विचारले का?

सभेचे इतिवृत्त २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कोणालाही मागता येते. प्रत्येक वस्तीतील दोन-चार शिकलेल्या तरुणांनी अर्ज करून त्याच्या नकला आणाव्यात. रविवारी विहारातील वंदना झाली की त्या सर्वांसमोर वाचाव्यात, आणि त्या दिवशी नगरसेवकांना आग्रहाने बोलावून पुढच्या रांगेत बसवावे.