जुनी केबिन, पराई जागा
लेखमाला : कमाईच्या छोट्या वाटा – भाग ६

मागच्या आठवड्यात धानाच्या थ्रेशरवर लिहिलं, तर घुग्घुसहून एका वाचकाचा फोन आला. एका ठेकेदाराचं खाणीवरचं काम संपलंय, चार पोर्टा केबिन पडून आहेत, स्वस्तात देतो म्हणतो. घ्याव्यात आणि भाड्याने लावाव्यात का? प्रश्न चांगला आहे, म्हणून आजचा भाग त्याच्यावरच.

अमेरिकेत हा धंदा खऱ्याखुऱ्या घरांचा चालतो. कारखान्यात तयार होऊन चाकांवर येणारी ही घरं. १९७६ पासून त्यांच्या बांधणीला केंद्र सरकारचे नियम लागू झाले. नवखा माणूस जुनं घर घेतो, डागडुजी करतो आणि हप्त्यांवर विकतो. पण घर त्याचं असलं तरी खालची जागा अनेकदा दुसऱ्याची असते. जागेचं भाडं वाढलं की घर उचलून न्यायचा खर्च ऐकूनच माणूस गप्प बसतो. आपल्याकडे तशी घरं नाहीत, केबिन आहेत. अडचण मात्र तीच.

चंद्रपूर-गडचिरोलीत केबिनला गिऱ्हाईक आहे. बल्लारपूर, माजरी, घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीकडे, चामोर्शीतल्या कोनसरीला, शिवाय रस्ते-पुलांच्या प्रत्येक कामावर साईट ऑफिस लागतं, वजनकाट्यावर खोली लागते, इंजिनिअरला झोपायला जागा लागते. काम संपलं की हीच केबिन ठेकेदाराला डोईजड होते. स्वस्त मिळते ती त्यामुळे.

आता केबिन बघायची कशी? पाच वर्षांपूर्वी पडोलीच्या बाजूला एका यार्डात मी पहिली केबिन बघितली ती एप्रिलमध्ये. विकणारा म्हणाला, "भाऊ, एक थेंब गळत नाही." एप्रिलमध्ये गळणार कुठून? मी ती घेतली, आणि जुलैत छताच्या सांध्यातून पाणी आलं आणि पलंगाखालची प्लाय फुगली. तेव्हापासून मी भर दुपारी जातो, आत शिरतो, दार-खिडक्या बंद करून पाच मिनिटं उभा राहतो. डोळे अंधाराला सरावले की छताला जिथे छिद्र असेल तिथे उन्हाची सुई दिसते. मग बाथरूमच्या कडेची जमीन टाचेने दाबतो. ती दबली तर खालची फळी कुजलेली. भिंतीवर बोटाने टकटक करत जातो. आवाज बदलला तिथे आतला फोम किंवा थर्माकोल पत्र्यापासून सुटलाय. दार चौकटीत अडकत असेल तर सांगाडाच पिळलाय, आणि तो सरळ करायच्या भानगडीत पडू नये. शेवटी खाली वाकून चॅनलचा गंज बघायचा. वरून रंग मारलेली केबिन खालून खरं बोलते.

खरा शिपिंग कंटेनर असेल तर दारावरची धातूची पट्टी वाचा, त्यावर बनावटीचं साल असतं. कंटेनरचा पत्रा दणकट, पण आत उष्णतारोधक थर नसतो. नवतपात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, नुसत्या पत्र्यात माणूस ठेवणं हे पाप आहे. मजुरांसाठी असली तरी. मी छतावर फूटभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचं दुसरं छप्पर घालतो. बांबू आपल्याकडेच पिकतो, आणि आतला पंखा निदान भट्टीची हवा तरी फेकत नाही. लोखंडी खोलीला अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच नसेल तर भाडेकरू आत घालूच नका.

किमतीइतकंच महत्त्व वाहतुकीला आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत. आठ फुटी केबिन म्हणजे २.४४ मीटर, ती साध्या ट्रेलरवर जाते. दहा फुटी केबिन ३ मीटरच्या वर, तिला वेगळी परवानगी लागते. स्वस्त म्हणून दहा फुटी घेऊन पस्तावलेले मी पाहिलेत. शिवाय उचलायला एक हायड्रा क्रेन इकडे, उतरवायला एक तिकडे. एटापल्लीच्या आत हायड्रा न्यायचा म्हणजे त्याचं जाणं-येणंही तुमच्याच खात्यात.

हिशेब मांडू, आकडे समजण्यापुरते धरलेत. केबिन १,२०,००० रुपये, वाहतूक आणि हायड्रा ३५,०००, दुरुस्ती ४०,०००, खालचा ओटा २५,०००. झाले २,२०,०००. महिना ७,००० भाडं, वर्षात ८ महिने लागली तर ५६,०००. देखभालीचे १०,००० वजा जाता ४६,०००. पाच वर्षांत २,३०,०००, आणि शेवटी ६०,०००ला विकली. पाच वर्षांची कमाई ७०,०००, वर्षाला १४,०००. आता मध्येच साईट बदलली आणि केबिन एकदा हलवावी लागली तर ३५,००० गेले, वर्षाला राहिले ७,०००. त्याउलट १० महिने भाडं मिळालं आणि केबिन जागची हलली नाही तर वर्षाला २८,०००. म्हणून मी पत्र्यावर घासाघीस कमी आणि जागेवर जास्त करतो.

जागा म्हटली की कायदा आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारती एअरटेलच्या प्रकरणात मोबाईल टॉवर आणि तयार केबिन या हलवता येणाऱ्या वस्तू मानल्या. नटबोल्ट काढून धक्का न लावता नेता येतात, म्हणून. तो वाद उत्पादन शुल्काच्या वजावटीचा होता. त्याच न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये गुजरातच्या प्रकरणात टॉवरवर इमारत म्हणून मालमत्ता कर लावता येतो असं म्हटलं होतं. तेव्हा 'आमची केबिन, तिला पाया नाही' हे ग्रामपंचायतीत चालेलच असं धरू नका, ठेवण्याआधी विचारा. शेतजमिनीवर ठेवणार असाल तर अकृषक वापराचा प्रश्न महसूल कार्यालयात सोडवा. गडचिरोलीत तर जमीन आदिवासी कुटुंबाची असण्याचा संभव मोठा, आणि महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्यानेसुद्धा परवानगीशिवाय देता येत नाही. तोंडी बोलण्यावर केबिन उतरवणं हे त्या कुटुंबावरही अन्यायाचं. ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा गेटजवळ पर्यटकांसाठी केबिन लावायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध वनविभागाकडून आधी समजून घ्यावेत.

घुग्घुसच्या वाचकाला मी एकच केबिन घ्यायला सांगितली, आठ फुटी, आणि तीही भाडेकरू ठरल्यावर. करारात एक ओळ स्वतःच्या हाताने लिहायला सांगितली : काम संपल्यावर केबिन उचलायचा हायड्रा आणि ट्रेलर भाडेकरूचा, आणि त्यापोटी अनामत आधी. ठेकेदार ही ओळ खोडायला लागला तर सौदा तिथेच थांबवायचा. अनामत किती घ्यायची आणि करार कसा लिहायचा, ते पुढच्या भागात.