कमरेला पिस्तूल लावण्याआधी

कुठे अत्याचाराची घटना घडली, मोर्चा निघाला, निवेदन दिले गेले, की परतीच्या वाटेवर तरुण पोरे एक प्रश्न हमखास विचारतात. "काका, आम्हाला रिव्हॉल्व्हरचं लायसन मिळंल का?" कोणी तो हसण्यावारी नेतो, कोणी पोरांना भाषण ऐकवतो. सरळ उत्तर कोणी देत नाही. मी कारकुनी करणारा माणूस. कायद्याचे पुस्तक आणि अर्जाचे नमुने चाळण्यात माझी वर्षे गेली. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर कागदावर काय आहे ते आधी सांगतो, आणि कागदाबाहेर काय आहे ते नंतर.

परवाना मागता येतो. नुसता मागता येतो असे नव्हे, तर आपल्यासाठी तशी खास तरतूद आहे. १९८९ चा अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा सर्वांना ठाऊक आहे. त्याखालचे नियम १९९५ साली झाले. त्यातील तिसरा नियम किती जणांनी वाचला आहे? जिथे अत्याचार घडण्याची किंवा पुन्हा घडण्याची भीती आहे असा भाग शासनाने निश्चित करायचा. आणि तिथे जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने द्यायचे, असे तिथे स्पष्ट छापले आहे. हे कुणा पुढाऱ्याचे आश्वासन नव्हे, केंद्र सरकारचा नियम आहे.

पण त्याच नियमात, या तरतुदीच्या वरच्या ओळींत आणखी दोन गोष्टी आहेत आणि माझ्या मते त्या जास्त मोलाच्या आहेत. अशा भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरचाकरांचे शस्त्र परवाने गरज पडल्यास रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. आणि बेकायदा शस्त्रे जप्त करायची. खेड्यातली परिस्थिती आठवा. बारा बोअरची बंदूक कोणाच्या भिंतीला टांगलेली असते? पिकाच्या राखणीच्या नावाखाली परवाना कोणाच्या घरात असतो? आपल्या पोराच्या कमरेला पिस्तूल लावायला लाखभर रुपये लागतील. समोरच्याची बंदूक काढून घ्यायला एक अर्ज लागतो. तरी मागणी करताना आपण पहिलीच गोष्ट मागतो, दुसरी विसरतो.

अर्ज कोठे आणि कसा

कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे शस्त्र परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, म्हणजे नागाळा पार्कातील जिल्हाधिकारी कार्यालयाचा. कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. वय २१ पूर्ण हवे. 'ए-१' नमुन्यातला अर्ज, ओळखीचे व राहण्याचे पुरावे, आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र, एवढे मुख्य. अर्ज पोलिसांकडे चौकशीला जातो. त्यांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा असे नियम म्हणतो. प्रत्यक्षात ठाण्यात किती हेलपाटे पडतात ते मी सांगायला नको.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. शस्त्र कायद्याचे कलम १४ म्हणते, की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. "तुझ्याकडं राखायला आहे तरी काय?" असा प्रश्न टेबलामागून आला, तर या कलमाचा आकडा नम्रपणे सांगावा. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडेही जीव असतो, हे कायद्याने मान्य केले आहे. त्याच कलमाखाली नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यास, जनहिताची अडचण नसेल तर, ती द्यावी लागतात. नकार आला तर ३० दिवसांच्या आत विभागीय आयुक्तांकडे पुण्याला अपील. त्यापुढे उच्च न्यायालय. आणि त्यासाठी आता मुंबईची गाडी पकडायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झाले आहे.

अर्जाला काय जोडायचे? एफ.आय.आर.ची प्रत. धमक्या आल्या असतील तर त्या प्रत्येक धमकीची ठाण्यात दिलेली तक्रार, तारखेसह. साक्षीदार असाल तर समन्स. आणि विरोधकांनी आपल्यावर उलट केस घातली असेल तर तिचीही माहिती स्वतःहून द्या, लपवू नका. अत्याचाराची फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी चोरीची किंवा मारामारीची उलट फिर्याद येते, हा आपल्याकडचा जुनाच खेळ आहे. पोलीस अहवालात ती येणारच. आपण आधी सांगितली तर निदान तिच्यामागचे कारण आपल्या शब्दांत दप्तरात जाते.

कोणते घ्यावे

समजा परवाना मिळाला. आता पोरांच्या डोळ्यांपुढे सिनेमातले नऊ एम.एम.चे पिस्तूल असते. ते विसरा. नऊ एम.एम. आणि पॉइंट अडतीस ही प्रतिबंधित बोअरची शस्त्रे, सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. आपल्याला मिळते ते मुख्यतः पॉइंट बत्तीस बोअरचे, आणि त्यात दोन जाती: रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण घरातली पोरेबाळे. रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र बाहेर काढले की सहा भोके डोळ्यांना दिसतात. भरले आहे की रिकामे यात शंका राहत नाही. पिस्तुलाचे तसे नाही. मूठीतले मॅगझीन काढून घेतले तरी एक गोळी नळीत बसलेली राहू शकते. "रिकामं आहे" असे म्हणत चाप ओढला आणि घरातलाच माणूस गेला, अशा बातम्या याच एका गोळीमुळे येतात. शिवाय रिव्हॉल्व्हरची गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढला की चक्र फिरून पुढची गोळी येते. पिस्तुलात अडकलेली गोळी काढायला दोन्ही हात आणि सराव लागतो. पिस्तूल चपटे असते, अंगावर कमी दिसते, गोळ्या जास्त बसतात, हे खरे. पण ते शिकलेल्या हातासाठी.

कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेतील मुलीची आठवण म्हणून, स्त्रियांसाठी, असे सांगितले गेले. वजन सुमारे अर्धा किलो, सहा गोळ्या, आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. रात्रपाळी करून घरी परतणाऱ्या कोणत्या कामगार बाईसाठी ते काढले होते, हे मला अजून उमगलेले नाही.

आता रोज जवळ बाळगण्याची गोष्ट. २०१६ चा नियम सांगतो, की सार्वजनिक ठिकाणी असे शस्त्र अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे. म्हणजे शर्टाची पुढची टोके वर करून चौकात मूठ दाखवत फिरणे हा गुन्ह्याचा रस्ता आहे. वरातीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. होल्स्टर असे हवे की ज्यात चाप पूर्ण झाकला जाईल. पँटच्या खिशात किल्ल्या आणि मोबाईलबरोबर रिव्हॉल्व्हर कोंबणारा माणूस शत्रूला सापडण्याआधी स्वतःच्या मांडीला सापडतो.

पण शिरोली एम.आय.डी.सी.तल्या फौंड्रीत काम करणाऱ्या पोराचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी गेटवर तपासणी. शस्त्र आत नेता येणार नाही. मग ठेवायचे कुठे? मोटारसायकलच्या डिकीत? सायकल स्टँडवर? चहाच्या गाड्यावर? आत नेता आले तरी साच्याची बारीक वाळू आणि घाम यांनी आठ दिवसांत ते खराब व्हायचे. कोर्टाच्या तारखेला, म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो त्या दिवशी, कोर्टाच्या आवारात ते नेता येत नाही. निवडणूक आली, गावात दोन गट पडले, की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश तर आपल्या जिल्ह्यात वरचेवर निघतात. त्यात काठीसुद्धा बाळगता येत नाही, आणि परवान्याच्या शस्त्राचे काय ते त्या त्या आदेशात वाचावे लागते. थोडक्यात, ज्याच्याकडे स्वतःची गाडी, स्वतःचे ऑफिस आणि कुलपाचे कपाट आहे त्याच्यासाठी रोज पिस्तूल बाळगणे ही सोय आहे. हजेरीवर काम करणाऱ्यासाठी ते ओझे आहे.

आणि नेम? आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक आणले. तेजस्विनी सावंत २०१० साली रायफलमध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले. या नेमामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे, आणि तोही न हलणाऱ्या लक्ष्यावर. अंधारात अंगावर धावून येणाऱ्या जमावापुढे, वर्षातून दहा गोळ्या झाडलेल्या हाताचे काय होईल?

खैरलांजीची रात्र

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी काय झाले ते सर्वांना माहीत आहे. सुरेखा भोतमांगे आणि प्रियांका यांनी एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींची ओळख पटवली होती. त्या आरोपींना त्याच दिवशी जामीन मिळाला आणि संध्याकाळी जमाव त्यांच्या झोपडीवर चालून आला. सुरेखा, प्रियांका, सुधीर, रोशन, चौघेही गेले. पोरे मला विचारतात, घरात एक रिव्हॉल्व्हर असते तर? मी याचा पुष्कळ विचार केला आहे. सहा गोळ्या आणि मोठा जमाव. कदाचित पहिल्या आवाजाने पांगला असता, कदाचित नसता. पण त्या दिवशी हाताशी असायला हवे होते ते दुसरेच काही होते: जामीन मिळाल्याची खबर साक्षीदारांना तात्काळ मिळणे आणि दारात पोलीस उभा असणे. पोलिसांनी वेळेवर दखल घेतली नाही म्हणून पुढे काही जण निलंबित झाले. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १५-अ आले आहे. पीडित, त्यांचे आश्रित व साक्षीदार यांना संरक्षण देणे हे आता शासनाचे कर्तव्य आहे, आणि आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. पिस्तुलाच्या अर्जात याच कलमाखाली संरक्षणाची मागणीही लिहा. एकाच कागदावर तीन मागण्या: आम्हाला संरक्षण द्या, त्यांची शस्त्रे काढून घ्या, हे दोन्ही जमत नसेल तर आम्हाला परवाना द्या. असा अर्ज बाजूला ठेवणे अधिकाऱ्याला अवघड जाते, कारण उद्या काही घडले तर तोच कागद चौकशीत समोर येतो.

गावठी कट्ट्याचे एवढेच सांगतो. पाच-दहा हजारांत मिळतो म्हणून कोणी वाटेला गेला, तर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची कैद आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे अत्याचाराच्या केसमधला फिर्यादी स्वतःच आरोपी होतो. विरोधकाच्या वकिलाला दुसरे काय हवे असते? कट्ट्याची खबर पोलिसांना बहुधा विकणाराच देतो. परवान्याचे शस्त्र वापरले तरी प्रश्न सुटत नाहीत. भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड होती असे दिसले तर मुळीच नाही. ते ठरायला खटला चालावा लागतो. तोवर घर कोण चालवणार?

हे सगळे ऐकून एखादा म्हणेल, काका भित्रे आहेत. आपल्या समाजाला शस्त्र नवे नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी इथून जवळ बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. कितीतरी घरांत त्या पलटणीतले पेन्शनर आहेत. त्यांना विचारा, ड्युटी संपल्यावर रायफल कुठे जायची. कोतमध्ये जायची, मोजून, नोंद करून, कुलपात. जवान ती उशाशी घेऊन झोपत नाही.

आपल्या दोन खोल्यांत कोत कुठून आणणार? तरी घ्यायचेच ठरले तर भिंतीला बोल्टने आवळलेली लोखंडी पेटी आधी घ्या, शस्त्र नंतर. रिव्हॉल्व्हर एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या. किल्ली कोणाकडे राहील ते घरातल्या बाईला विचारून ठरवा. घरात कोणी पिणारा असेल, रागीट असेल, किंवा एखादे पोर परीक्षेत नापास होऊन गप्प गप्प राहत असेल, तर पेटीही नको आणि शस्त्रही नको. कारण रस्त्यावरचा वैरी वर्षातून एकदा भेटेल, आणि हे तर रोज घरात आहे. अर्ज करण्याआधी आईला, बायकोला शेजारी बसवून हे सर्व बोलावे. नाही म्हणायचा पहिला अधिकार त्यांचा.

जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे, असे १९९५ च्याच नियमांत आहे. ज्यांचे अर्ज प्रलंबित आहेत त्यांनी बैठकीच्या आधी त्यांची प्रत समितीकडे द्यावी. प्रत देताना आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा, आणि साहेब जेवायला गेलेत असे सांगितले तर जेवून येईपर्यंत बाकड्यावर बसून राहावे.