रयतेच्या धान्यावर उभे राहिलेले हायस्कूल

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा गावच्या शाळेत चार इयत्ता शिकला, तरी हायस्कूलसाठी त्याला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहावे लागे, आणि तेथील फी व दोन वेळचे जेवण यांचा खर्च घरच्यांच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे त्याचे शिक्षण बहुधा तेथेच थांबे. ही अडचण ओळखून कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, आणि १९४० मध्ये याच शहरात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू करून माध्यमिक शिक्षणाची वाट मोकळी केली. बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या सयाजीराव गायकवाड यांचे नाव या शाळेला देण्यात मोठे औचित्य होते.

शाळेचा पाया ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर, म्हणजे विद्यार्थ्याने अंगमेहनत करून आपल्या शिक्षणाचा भार स्वतः उचलण्यावर, घातलेला होता. मुले शेतात राबत, खोदकाम करीत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. अस्पृश्यता उघडपणे पाळली जात असलेल्या त्या काळात ही पंगत स्वतःच एक मोठा धडा होती. बोर्डिंगच्या मुलांची चूल पेटती राहावी म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले. गावोगावच्या बायकांनी मुष्टिफंडात, म्हणजे घरच्या धान्यातून मूठमूठ बाजूला काढून साठवलेल्या निधीत, भर घातली. ज्या घरात अक्षरओळख नव्हती, त्या घरातील ज्वारी-बाजरी अशा रीतीने कोणा दुसऱ्याच्या लेकराच्या शिक्षणाला लागली. म्हणूनच १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ बंद केले, तेव्हा लोकांनी वर्गणी गोळा करून संस्था तगवली. आपल्या हाताने उभारलेली शाळा माणूस सहजासहजी बंद पडू देत नाही.

आज अनुदानित माध्यमिक शाळेतील शिक्षकांचे वेतन शासन देते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे शाळा ही सरकारची व संस्थाचालकांची बाब आहे, असा समज गावागावांत पक्का झाला आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत, देतो. नववी-दहावी त्याच्या कक्षेत येत नाही. मुलगा मजुरीला जाण्याचा आणि मुलीचे लग्न ठरण्याचा धोका नेमका याच दोन वर्षांत वाढतो. तेव्हा आपल्या गावच्या हायस्कूलच्या पालकसभेला प्रत्येक पालकाने, विशेषतः आईने, आवर्जून हजर राहावे आणि नववीच्या हजेरीपटावरील कोणते मूल शाळेत येईनासे झाले आहे, हा प्रश्न तेथे न चुकता विचारावा.